आपला रणजी संघ आणि थोडक्यात राहिलेली माणसं

सोलापूरच्या क्रिकेटवाल्याला एक साधा प्रश्न विचारून बघा. रणजीत तुमचा संघ कोणता? बरेच जण आधी थांबतात. मग कुणीतरी "मुंबई" म्हणतो, कारण गावसकर, वेंगसरकर, सचिन. दुसरा म्हणतो "अरे आपण महाराष्ट्रात, मग महाराष्ट्रच की". तिसरा वयानं मोठा असेल तर सरळ "पुण्याचा संघ" म्हणून मोकळा होतो. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि भानगड तिथंच आहे.

एका राज्यात तीन रणजी संघ असलेलं आपलं राज्य. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा, आणि उरलेला सगळा मुलूख म्हणजे 'महाराष्ट्र'. रणजी स्पर्धा १९३४-३५ ला सुरू झाली तेव्हा आजचं राज्यच नव्हतं. मुंबई इलाखा होता. शहराची संघटना एकीकडे, पुण्यात बसणारी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन दुसरीकडे. १९६० ला राज्य झालं, नकाशे बदलले, पण क्रिकेटचा नकाशा तसाच राहिला. त्यामुळे सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, नाशिक, मराठवाडा हे सगळे एका संघात, आणि तो संघ पुण्याच्या दारातून आत जायचा.

आता हिशोब बघा. मुंबईनं रणजी ४२ वेळा जिंकली. विदर्भानं २०१७-१८ ला पहिल्यांदा जिंकली, लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा, आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. आपल्या संघानं दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. त्यानंतर शून्य. मध्ये २००९-१० ला सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी जिंकली तेवढी, पण रणजी नाही. म्हणजे महाराष्ट्राला रणजी जिंकताना ज्यांनी जाणत्या वयात पाहिलं असे लोक आता जवळपास उरलेले नाहीत.

तरीही पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर, स्टेडियमच्या पायऱ्यांवर, जुन्या लोकांची या संघावरची बडबड संपत नाही. ट्रॉफीवर कुणी बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही नाही. बोलणं असतं माणसांवर. आणि मजा म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात जास्त बोलणं होतं ती बहुतेक माणसं थोडक्यात राहिलेली आहेत. कुणाचा विक्रम राहिला, कुणाची इंडिया कॅप राहिली. या गप्पांत खरं किती आणि तिखटमीठ किती हे बघायला मी रेकॉर्डची पुस्तकं काढून बसलो. बातमीदाराची खोड, दुसरं काय. आणि सांगतो, गप्पांपेक्षा कागदावरची हकीकत जास्त भारी निघाली.

सुरुवात ४४३ पासूनच करावी लागेल.

भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचा माणूस. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबचं मैदान, समोर काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ वर संपला. मग महाराष्ट्र खेळायला आला आणि निंबाळकर खेळतच राहिले. कमल भांडारकर दुसऱ्या बाजूनं २०५. दोघांची दुसऱ्या विकेटची भागी ४५५ धावांची. निंबाळकरांनी ४९४ मिनिटं फलंदाजी केली, ४९ चौकार आणि एकच षटकार. म्हणजे उंच मारामारी नाही, जमिनीवरूनच सगळा कारभार. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६.

तेव्हा जगातला सर्वोच्च वैयक्तिक स्कोअर होता ब्रॅडमनचा नाबाद ४५२, जानेवारी १९३० मध्ये क्वीन्सलँडविरुद्ध केलेला. निंबाळकर ४४३ वर नाबाद. नऊ रन. दोन चौकार आणि एक सिंगल की बरोबरी.

आपल्याकडं गाड्यावर ऐकायला मिळतं ते असं : "कॅप्टननं डाव डिक्लेअर केला ओ, जळला तो." साफ खोटं. डाव कुणी घोषित केला नाही. झालं असं की खेळ थांबला असताना काठियावाडचे कर्णधार, म्हणजे राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगून टाकलं की पुरे झालं, आता डाव सोडा नाहीतर आम्ही चाललो. आपल्या संघावर असा विक्रम लागलेला त्यांना नको होता. ते खरंच मैदान सोडून गेले. सामना महाराष्ट्राला मिळाला आणि निंबाळकर नऊ रनांनी राहिले ते कायमचे राहिले. पुढं ब्रॅडमनचा विक्रम १९५९ मध्ये हनीफ मोहम्मदनं मोडला, ४९९ वर तो पाचशेसाठी पळताना धावबाद झाला. नंतर लाराचे ५०१. पण प्रथम श्रेणीत चारशेच्या पुढं गेलेला भारतीय आजही एकच आहे, निंबाळकर.

आणि हा माणूस कसोटी एकही खेळला नाही. कॉमनवेल्थ संघाविरुद्धची एक अनधिकृत कसोटी, बस्स. बडोदा, होळकर, रेल्वे, राजस्थान, असा कितीतरी संघांकडून खेळला, प्रथम श्रेणीत सरासरी ४७ च्या पुढं. डिसेंबर २०१२ मध्ये कोल्हापुरात गेले, त्र्याण्णवावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. तिथंही एक कमी पडला, असं म्हणायचा मोह होतो, पण ते जाऊ द्या.

आता त्याच महिन्याचं दुसरं पान उलटा. निंबाळकर पुण्यात खेळले त्याच्या आदल्या आठवड्यात मुंबईत ब्रेबर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी चालू होती आणि त्यात एक बावीस वर्षांचा पारशी पोरगा पहिली कसोटी खेळत होता. पहलन रतनजी उम्रीगर. पॉली. आपल्या सोलापूरचा.

इथं थोडं थांबायला पाहिजे. जन्मतारीख २८ मार्च १९२६ याबद्दल वाद नाही. जन्मगाव बहुतेक ठिकाणी सोलापूर लिहिलेलं आहे, काही नोंदींत मुंबईही आढळतं. पण बालपण इथं गेलं हे पक्कं. वडिलांचा कापडाचा धंदा, आणि त्या काळात कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाला सोलापूर म्हणजे काय होतं हे गिरण्यांच्या चिमण्या पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. शाळेच्या वयातच कुटुंब मुंबईला गेलं, आणि पॉली पारशी संघाकडून, मग मुंबईकडून खेळायला लागला. मध्ये काही काळ गुजरातकडूनही खेळला. महाराष्ट्राकडून नाही. सोलापुरात वाढलेला सगळ्यात मोठा क्रिकेटर सोलापूरच्या संघाकडून खेळलाच नाही. गाड्यावर कुणी छातीठोक सांगत असेल की "उम्रीगर महाराष्ट्राचा कॅप्टन होता", तर त्याला एक कटिंग पाजा आणि गप्प करा.

पण आपला म्हणायला काही हरकत नाही, आणि म्हणावा असा तो माणूस होताच. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढं त्याचे हाल झाले, कसोटीच्या सात डावांत मिळून ४३ धावा. लोकांनी भित्रा म्हटलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यानं नाबाद १३० केले होते आणि भारतानं आयुष्यातली पहिली कसोटी जिंकली होती, हे सगळे विसरले. दौऱ्याहून आल्यावर सहा महिन्यांत तो वेस्ट इंडिजला गेला आणि मालिकेत ५६० धावा काढून आला. १९५५ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. कसोटीत भारतीयाचं पहिलं द्विशतक हेच. लाला अमरनाथनं भारताचं पहिलं कसोटी शतक केलं हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पहिल्या द्विशतकाचं नाव विचारा, आपल्याच गावात विचारा, आणि चेहरे बघा.

मला स्वतःला त्याची १९६२ ची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी सगळ्यात आवडते. वय ३६. मालिका भारत आधीच हरलेला. पाठ दुखत असायची. त्यानं आधी पाच विकेट काढल्या, १०७ धावांत. मग पहिल्या डावात ५६. फॉलोऑन. दुसऱ्या डावात नाबाद १७२, समोर वेस हॉल. सामना भारत हरलाच. मालिका पाच-शून्य. पुढच्या कसोटीनंतर उम्रीगर निवृत्त. थांबला तेव्हा सगळ्यात जास्त कसोट्या ५९, सगळ्यात जास्त धावा ३६३१, सगळ्यात जास्त शतकं १२, हे तिन्ही भारतीय विक्रम त्याच्या नावावर होते. गावसकर येईपर्यंत ते आकडे तसेच राहिले.

त्याचं थोडक्यात राहिलेलं म्हणजे कप्तानी. १९५८-५९ ला वेस्ट इंडिजचा संघ आला होता आणि भारतानं पाच कसोट्यांत चार कप्तान वापरले. मद्रासची कसोटी उम्रीगरच्या हाताखाली व्हायची होती. संघात कोण खेळणार यावरून बोर्डाच्या वरच्या लोकांशी वाजलं आणि सामन्याच्या तोंडावर त्यानं कप्तानी सोडून दिली. खेळाडू म्हणून मात्र मैदानात उतरला. पुन्हा भारताचा कप्तान झाला नाही. आज बोर्डात कुणी असं करेल का, हा प्रश्न मी विचारतोय, उत्तर तुम्ही मनात द्या.

त्याच मालिकेत दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत चंदू बोर्डेनं पहिल्या डावात १०९ केले आणि दुसऱ्या डावात ९६ वर स्वतःच्याच बॅटनं स्टंप पाडले. हिट विकेट. चार धावा आल्या असत्या तर दोन्ही डावांत शतक. बोर्डे पुण्याचे. सुरुवात महाराष्ट्राकडून, मग काही वर्षं बडोद्याकडं, आणि १९६४ ला परत महाराष्ट्रात. ५५ कसोट्या, ३०६१ धावा, वर ५२ विकेट लेगस्पिनवर. आजच्या भाषेत सांगायचं तर खरा ऑलराउंडर.

ही बडोद्याची वाट जुनी आहे. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० ला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्धच पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ काढले. भारतीय फलंदाजाचं प्रथम श्रेणीतलं ते पहिलं त्रिशतक. आणि पुढं तेच हजारे बडोद्याला गेले, संस्थानची नोकरी होती तिथं. खेळून पोट भरत नव्हतं तेव्हा, नोकरी जिथं तिथं खेळाडू. आपल्या संघाचं अर्धं रडगाणं या एका वाक्यात आहे.

आणि जिंकलेली ती दोन वर्षं? ती आहेत प्रोफेसर दि. ब. देवधरांची. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा माणूस. १९४०-४१ ला मुंबईविरुद्धच्या सामन्यात महाराष्ट्रानं ६७५ केले, त्यात देवधरांचे २४६. वय तेव्हा ४९ च्या घरात! मुंबईनं उत्तरात ६५०, रांगणेकरांचे २०२, आणि पहिल्या डावाच्या पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढं गेला. अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच हरवलं. त्याच हंगामात रंगा सोहोनीनं ६५५ धावा ठोकल्या. देवधर कसोटी खेळले नाहीत, कारण भारत १९३२ ला पहिली कसोटी खेळला तेव्हा ते चाळिशीला आले होते आणि निवड समितीला म्हातारे वाटले. हे म्हातारे १९४४ ला, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच रणजी सामन्यात दोन शतकं काढून बसले. १९९३ ला गेले तेव्हा वय १०१. एक शतक त्यांनी तसंही पूर्ण केलंच.

या सगळ्या गोष्टी सोलापुरात पोचायच्या कशा? पेपर एक दिवस उशिरा, आणि रेडिओ. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन ऐकून ज्यांनी क्रिकेट शिकलं ती पिढी आज सत्तरीच्या पुढं आहे. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, म्हणून ते बोलायचे तेव्हा त्यात मैदानाचा वास असायचा. 'यष्टीरक्षक', 'षटक', 'चौकार' हे शब्द हातमागावर बसलेल्या माणसाच्या तोंडात बसले ते रेडिओमुळं. तेलुगू घरात, कन्नड घरात, उर्दू घरात सुद्धा. आपल्या गावात घरची भाषा कुठलीही असो, स्कोअर बऱ्याचदा मराठीतून विचारला जातो. हे माझं निरीक्षण, कुणाला पटत नसेल तर सांगा.

साठ-सत्तरच्या दशकातल्या महाराष्ट्राच्या संघावर तर वेगळी पोस्ट होईल. वसंत रांजणे, रेल्वेतला माणूस, १९५६-५७ ला पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध ३५ धावांत ९ विकेट, त्यात हॅट्ट्रिक. भारताकडून सात कसोट्या मिळाल्या. पांडुरंग साळगावकर, आपल्याकडं अजूनही "लई जोरात टाकायचा" म्हणून ज्याची आठवण निघते तो. १९७४ ला भारतीय संघाबरोबर श्रीलंकेला गेला, पण श्रीलंकेला तेव्हा कसोटी दर्जाच नव्हता. प्रथम श्रेणीत दोनशेच्या वर विकेट, कसोटी शून्य. स्पिनवर जगणाऱ्या त्या काळातल्या भारतीय संघाला वेगवान गोलंदाज फक्त चेंडूची लकाकी घालवायला लागायचा. साळगावकर दहा वर्षं उशिरा जन्मला असता तर, हे वाक्य गाड्यावर मी किती वेळा ऐकलंय ते मोजलं नाही.

हेमंत कानिटकर. राजस्थानविरुद्ध २५०. नोव्हेंबर १९७४ ला बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण, समोर अँडी रॉबर्ट्स, पहिल्याच डावात ६५. व्हिव्हियन रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रिनिज यांचीही ती पहिलीच कसोटी. रिचर्ड्स-ग्रिनिजचं पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. कानिटकरांना त्यानंतर अजून एक कसोटी मिळाली आणि संपलं. त्यांचा मुलगा हृषीकेश मात्र एका चौकारासाठी घराघरात गेला. जानेवारी १९९८, ढाका, पाकिस्तानविरुद्ध ३१५ चा पाठलाग, अंधार पडत आलेला, सकलेन मुश्ताकला मिडविकेटला चौकार. त्या रात्री सोलापुरात फटाके उडाले होते. तो महाराष्ट्राचा पोरगा आहे हे किती जणांच्या डोक्यात होतं कुणास ठाऊक, पण फटाके उडाले.

१९७०-७१ ची फायनल ही त्या पिढीची भळभळती जखम. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला इतिहास घडवत होते. म्हणजे मुंबई अर्धी रिकामी. बारा वर्षं सलग जिंकणाऱ्या मुंबईला पाडायची याहून चांगली संधी कधी येणार? महाराष्ट्र फायनलला पोचला. आणि सुधीर नाईकच्या त्या दुसऱ्या फळीच्या मुंबईकडून थोडक्यात हरला. पुढची फायनल १९९२-९३ ला, लुधियानात, पंजाबकडून हार. त्यानंतरची २०१३-१४.

ही शेवटची मात्र आमच्या पिढीची, आणि इथं आपला जिल्हा आत येतो. केदार जाधव. जन्मला वाढला पुण्यात, वडील वीज मंडळात नोकरीला, पण मूळ गाव माढा तालुक्यातलं जाधववाडी. २०१२ ला गहुंजेला उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७. २०१३-१४ च्या हंगामात १२२३ धावा, सहा शतकं. आणि त्या हंगामातली उपांत्यपूर्व फेरी : वानखेडे, समोर मुंबई, चौथ्या डावात लक्ष्य २५२. केदार नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१. मुंबईला मुंबईत आठ विकेटनं. माढा आणि जालना मिळून! मी तेव्हा डेस्कवर होतो, बातमी चार कॉलमची व्हायला पाहिजे होती, दोन कॉलमात बसवावी लागली. वरून मुंबईची जाहिरात आली होती. फायनलला हैदराबादला कर्नाटकनं सात विकेटनं हरवलं, ते सोडा.

पुण्याला जानेवारी २०१७ मध्ये इंग्लंडविरुद्ध ३५१ चा पाठलाग करताना भारत ४ बाद ६३ होता तेव्हा केदार आला आणि ७६ चेंडूंत १२० करून गेला, कोहलीबरोबर द्विशतकी भागी. त्या दिवशी माढ्याचं नाव टीव्हीवर आलं. पण मला विचाराल तर वानखेडेचे १२० मोठे. तो आपल्या संघासाठी होता.

आणि २०१६. हे प्रकरण वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण निंबाळकरांची गोष्ट परत घडली होती आणि आपण कुणीच तिच्यावर धड बोललो नाही. ऑक्टोबर, वानखेडे, पण प्रतिस्पर्धी दिल्ली. महाराष्ट्र २ बाद ४१. तिथून स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी जी भागी केली ती नाबाद ५९४. गुगळे ३५१, बावणे २५८. हजारे आणि गुल मोहम्मद यांची १९४६-४७ ची ५७७ ची भागी मागं पडली. प्रथम श्रेणीतली सगळ्यात मोठी भागी संगकारा-जयवर्धनेची, ६२४. म्हणजे एकतीस धावा अजून, आणि जागतिक विक्रम. अन् गुगळेनं डाव घोषित केला. कारण कप्तान तोच होता!

निंबाळकरांना दुसऱ्यानं अडवलं. गुगळेनं स्वतःच थांबवलं, सामना जिंकायचा म्हणून. उत्तरात ऋषभ पंतनं ३०८ ठोकले आणि सामना अनिर्णित राहिला. दोघंही, गुगळे आणि बावणे, भारताकडून खेळलेले नाहीत. बावणेनं वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी ढिगानं धावा काढल्यात. निवड समितीच्या यादीत पुण्या-मुंबई-दिल्लीबाहेरच्या माणसाला रांग जरा जास्तच लांब असते, असं मी म्हणणार. कुणाला हा पक्षपात वाटला तर वाटू द्या, आकडे समोर आहेत.

मुलींचं बोलायचं राहिलं तर ते बरोबर नाही. अनघा देशपांडे सोलापूरची, यष्टीरक्षक, भारताकडून खेळली. किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची, आधी भालाफेक करायची. नागालँडकडून खेळताना २०२२ ला अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत १६२ केले, त्याच वर्षी भारताकडून पदार्पण, आणि ऑक्टोबर २०२५ ला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक. महिलांच्या टी-ट्वेंटीतलं सगळ्यात वेगवान. बघा, आधी नागालँडला जावं लागलं, मग महाराष्ट्राकडून विक्रम. हजाऱ्यांना बडोदा, नवगिरेला नागालँड. ऐंशी वर्षांत वाट तीच, फक्त लांब झाली.

आता सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी आहे. २०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुण्याच्या संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७, तेरा षटकार. २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध १०८. गंमत म्हणजे त्या लीगमध्ये सोलापूरचा स्वतःचा संघ होता आणि अर्शिन खेळला नाशिककडून. उम्रीगरपासूनची परंपरा म्हणायची आणि हसायचं. शेजारच्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आहे, २०२२ चा ज्युनियर विश्वचषक जिंकलेला. पोरं येतायत.

जानेवारी २०२४ मध्ये, गड्ड्याच्या महिन्यात, इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्कवर, बऱ्याच वर्षांनी रणजी आली. सौराष्ट्राविरुद्धच्या सामन्यात चेतेश्वर पुजारा उतरला तेव्हा पोरं झाडून आली होती, पुजाराला बघायला. यजमान संघ आपला होता. त्यातले किती जण महाराष्ट्राच्या अकरा जणांची नावं सांगू शकले असते, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

भारतीय बोर्ड दरवर्षी वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय क्रिकेटरला जो पुरस्कार देतं त्याचं नाव पॉली उम्रीगर पुरस्कार. कोहली, अश्विन, बुमराह हे सगळे हातात तो घेऊन उभे राहिलेत. २८ मार्च २०२६ ही उम्रीगरच्या जन्माची शंभरावी तारीख. तो इथं कुठल्या शाळेत होता, कुठल्या गल्लीत राहायचा, वडिलांचं दुकान कुठं होतं, पार्कवर कधी खेळला का, हे मला गाड्यावरच्या गप्पांच्या पलीकडं, कागदावर हवंय. सोलापुरातली पारशी घरं आता बोटावर मोजण्याइतकी. जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं अजून कपाटात असतील. पार्कवर झालेल्या जुन्या रणजी सामन्यांचे फोटो, स्कोअरबुकं, तिकिटाचा तुकडा, आजोबांच्या ट्रंकेत काही असेल तर फोटो काढून पाठवा. मूळ कागद तुमच्याकडंच ठेवा, मला फक्त बघू द्या. आणि शाळेत ओळख असेल तर १९३२ ते १९४१ च्या दरम्यानच्या रजिस्टरात 'उ' चं पान जरा उघडायला सांगा.